गप्प विद्यार्थ्यांना बोलतं करायचं ट्रेनिंग: सहा रविवार झाले, आता रिव्ह्यू लिहितेय

मी जर्मन शिकवते, मोठ्या माणसांना, ए१ आणि ए२ च्या म्हणजे अगदी सुरुवातीच्या दोन पातळ्यांच्या बॅचेस, नऊ वर्षं झाली. भाषा शिक्षकांसाठीचा हा सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करून मला दीड महिना झाला आणि मी मुद्दाम थांबले होते, कारण ट्रेनिंग संपल्या संपल्या सगळंच भारी वाटतं, खरं काय ते परत वर्गात उभं राहिल्यावरच कळतं. आता कळलंय म्हणून लिहितेय. थोडं लांबेल.

आधी जॉइन का केलं ते सांगते. गेल्या वर्षी माझ्या बॅचमध्ये एक मुलगी होती, खिडकीशी बसायची, लिहायला इतकी पक्की की डिक्टेशनमध्ये एक चूक सापडायची नाही, पण वर्गात तोंड उघडायची नाही. मी दर वेळी म्हणायचे, बोला ना, चुकलं तर चुकलं, इथे कोण हसतंय. मनापासून म्हणायचे. ती कसनुसं हसायची आणि खाली बघायची. अर्ध्यातच तिने क्लास सोडला. मी फोन केला तेव्हा म्हणाली, "मॅडम, तुम्ही छान शिकवता हो, पण क्लासच्या आदल्या रात्रीपासून माझ्या पोटात गोळा यायचा, तुम्ही माझं नाव कधी घ्याल ते माहीत नसायचं ना." मला हे फार लागलं. नऊ वर्षं मी समजत होते की माझ्या वर्गात वातावरण मोकळं आहे, आणि मोकळं होतंच, पण जे आधीच मोकळे आहेत त्यांच्यासाठी.

तर कोर्स असा आहे की दर रविवारी दोन तास, आम्ही वीस जण होतो, इंग्लिश शिकवणारे जास्त, बाकी जर्मन, जपानी, फ्रेंच, आणि मराठी शिकवणाऱ्या दोघी, म्हणजे ज्यांची मातृभाषा मराठी नाही त्यांना शिकवणाऱ्या. दर आठवड्याला होमवर्क आणि होमवर्क केलं नसेल तर पुढच्या सेशनला बसून काही उपयोग नाही, हे आधीच सांगते.

पहिलंच होमवर्क होतं की आपल्या वर्गाला विचारून वीस मिनिटांचा ऑडिओ रेकॉर्ड करायचा आणि आपण प्रश्न विचारल्यावर किती वेळ गप्प राहतो ते स्टॉपवॉच लावून मोजायचं. मला वाटलं होतं चार-पाच सेकंद तरी थांबत असेन. रेकॉर्डिंग ऐकलं तर बहुतेक ठिकाणी एक सेकंदसुद्धा नाही! प्रश्न विचारला, लगेच स्वतःच दुसऱ्या शब्दांत परत विचारला, मग मराठीत विचारला, मग जो नेहमी उत्तर देतो त्याने उत्तर दिलं आणि मी "झेर गूट" (खूप छान) म्हणून पुढे. ट्रेनर मॅडम म्हणाल्या की यात नवल काहीच नाही, मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंग तपासली तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं, शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. आणि हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की मुलांची उत्तरं लांब होतात, "माहीत नाही" कमी होतं आणि जी मुलं एरवी बोलत नाहीत ती आपणहून बोलायला लागतात. अजून एक गोष्ट त्यात आहे जी मला माहीतच नव्हती, ती म्हणजे दोनदा थांबायचं असतं. एकदा प्रश्नानंतर आणि एकदा उत्तरानंतर. विद्यार्थी थांबला की आपल्याला वाटतं झालं याचं बोलून, पण तो पुढचा शब्द शोधत असतो.

आणि भाषेच्या वर्गात तर तो सेकंद किती अपुरा आहे बघा. मी विचारलं की वीकेंडला काय केलंत, तर समोरच्याला आधी प्रश्न कळायला हवा, मग उत्तर मराठीत मनात येणार, मग क्रियापद आठवायचं, त्याचं भूतकाळाचं रूप वाक्याच्या शेवटी टाकायचं, मधे हाबेन घ्यायचं की झाइन (भूतकाळासाठी लागणारी दोन सहाय्यक क्रियापदं) ते ठरवायचं, वर नामाचं लिंग. आपल्याला तीन लिंगं सवयीची आहेत हे खरं पण म्हणून सोपं जातं असं नाही, आपलं टेबल नपुंसकलिंगी तर त्यांचं टिश पुल्लिंगी, आपली मुलगी स्त्रीलिंगी तर त्यांचं मेडशेन नपुंसक. एवढं सगळं एका सेकंदात कोण करणार? जो न घाबरता अर्धवट फेकतो तोच. मग आपण म्हणतो हा हुशार आणि ती लाजरी.

मी दुसऱ्याच दिवसापासून थांबायला लागले. पहिल्या तासाला ती शांतता मला असह्य झाली, खरंच सांगते, मनात एक-दोन-तीन-चार मोजत होते आणि हात आपोआप फळ्याकडे जात होता. विद्यार्थीही बावरले, त्यांना वाटलं मी चिडलेय. म्हणून मग मी सांगूनच टाकलं की मी प्रश्न विचारल्यावर थोडा वेळ कुणीच उत्तर द्यायचं नाही, सगळ्यांनी विचार करायचा. असं आधी सांगितल्यावर ती शांतता सगळ्यांची झाली आणि कुणालाच अवघड वाटेना. ही टीप कोर्समध्ये नव्हती, माझी आहे, हवी तर घ्या.

दुसरं सेशन जोडीकामाचं. आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग वर्गासमोर, हे आता सगळीकडे शिकवतात, फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेलं तंत्र आहे. मला वाटत होतं हे तर मी करतेच. पण मी काय करत होते, तर "जोडीत बोला" म्हणायचे आणि लिहायला वेळ द्यायचेच नाही, त्यामुळे जोडीतही तोच बोलणारा बोलायचा आणि गप्प बसणारा मान डोलवायचा. आता एक मिनिट कागदावर शब्द, पूर्ण वाक्यं नाही, फक्त शब्द. मग दोन मिनिटं जोडीत. आणि मग वर्गासमोर स्वतःचं सांगायचंच नाही, शेजाऱ्याने काय सांगितलं ते सांगायचं. या एका गोष्टीसाठी पूर्ण कोर्स केला तरी चालेल असं माझं मत आहे. कारण स्वतःबद्दल सांगताना माणूस स्वतःकडे बघत असतो, दुसऱ्याचं सांगताना ते ओझं निम्मं होतं, शिवाय ते वाक्य दोन मिनिटांपूर्वी कानावरून गेलेलं असतं. आणि जर्मनमध्ये इखचं (मी) एअर (तो) किंवा झी (ती) झालं की क्रियापदाचा शेवट बदलतो, त्याचीही प्रॅक्टिस आपोआप होते.

तिसरं सेशन मी विसरणार नाही. मॅडमनी काही न सांगता एकदम जपानीतून सुरुवात केली (जपानीच्या टीचरना आधीच सांगून ठेवलं होतं), आम्हा बाकीच्यांचे कॅमेरे चालू, पंधरा मिनिटं चार वाक्यं शिकवली आणि मग कुठलंही नाव घेऊन प्रश्न विचारायला लागल्या. मी रोज चौदा माणसांसमोर उभी राहून बोलते, तरी माझा घसा कोरडा पडला. माझं नाव येईपर्यंत मी बाकीच्यांची उत्तरं ऐकतच नव्हते, मनात माझंच वाक्य घोकत होते, आणि नाव आलं तेव्हा तेही गेलं. मग त्यांनी पाच मिनिटं ब्रेक दिला आणि परत तेच केलं, पण या वेळी प्रत्येकाला आधी चॅटवर पाठवलं की तुम्हाला हा प्रश्न येणार आहे आणि तुमचा नंबर तिसरा आहे. काय फरक पडला सांगू! वाक्यं तीच, माणसं तीच, पण मी उत्तर दिलं आणि दुसऱ्यांचं ऐकलंही.

त्यानंतर त्यांनी आम्हाला भाषेच्या वर्गातली भीती मोजायची प्रश्नावली भरायला दिली, हॉर्विट्झ, हॉर्विट्झ आणि कोप या तिघांची, १९८६ सालची, तेहतीस वाक्यं आहेत आणि प्रत्येकाला पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत अशा पाच पायऱ्या. त्यात नाव पुकारलं जाणार म्हणून थरथर सुटण्याबद्दल एक वाक्य आहे. ते वाचताना मला ती खिडकीजवळची मुलगीच आठवली. ही भीती ओळखून, मोजून लोक इतकी वर्षं काम करतायत, आणि मी नऊ वर्षं "कोण हसतंय" एवढंच म्हणत राहिले.

आता मी नाव घेऊनच विचारते, ते सोडलं नाही, सोडायचंही नाही असं मॅडमचं स्पष्ट म्हणणं होतं. फक्त आधी सांगते. तास सुरू व्हायच्या आधी पाणी पिताना वगैरे हळूच, की तिसरा प्रश्न तुम्हाला विचारणार आहे, हा हा आहे. गप्प माणसाला एकटं सोडून द्यायचं आणि त्याला आपण सांभाळून घेतोय असं समजायचं, हे मी पूर्वी बरेचदा केलंय आणि त्यात त्याचं नुकसानच होतं. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्लिश भाषिक मुलांवर मेरिल स्वेन यांचं १९८५ चं काम आहे, ती मुलं वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकून उत्तम समजायला लागली होती पण बोलणं आणि लिहिणं मात्र फ्रेंच मुलांच्या तोडीचं होईना, तेव्हा त्यांनी मांडलं की नुसतं ऐकून भागत नाही, स्वतः वाक्य जुळवावं लागतं तेव्हाच आपल्याला काय येत नाही ते कळतं. हे आमच्या परीक्षेतही दिसतं. ग्योथं इन्स्टिट्यूटच्या ए१ परीक्षेत बोलण्याचा भाग ग्रुपमध्ये असतो, साधारण पंधरा मिनिटांचा, स्वतःची ओळख, शब्दाचं कार्ड बघून दुसऱ्याला प्रश्न, आणि चित्राचं कार्ड बघून विनंती. तिथे शेजारच्या उमेदवाराला प्रश्न विचारावाच लागतो, वर्षभर गप्प बसलेल्या माणसाला तो एकदम कुठून सुचणार?

आता जे आवडलं नाही ते. चौथं सेशन वाया गेलं. त्या दिवशी बाहेरून एक पाहुणे वक्ते होते, दोन तास स्लाइड्स, आत्मविश्वास, सकारात्मकता, आणि शेवटी उपाय काय तर बोलण्याला मार्क द्या आणि टोकन वाटा. म्हणजे प्रत्येकाला तीन टोकन, एकदा बोललं की एक टोकन डब्यात, टोकन संपली की गप्प. मी ते प्रामाणिकपणे एक आठवडा करून बघितलं. जास्त बोलणारे जरा आवरले हे मान्य. पण गप्प बसणाऱ्यांसमोर तासाच्या शेवटी तीनच्या तीन टोकन तशीच पडलेली, आणि ती सगळ्या वर्गाला दिसतायत. एक जण तर टोकन वहीखाली सरकवत होता. मी त्याच दिवशी डबा बंद केला. आयोजकांनी हे सेशन काढून टाकावं किंवा निदान वक्त्यांनी आधी स्वतः वर्गात करून बघावं.

दुसरी तक्रार जरा मोठी आहे. पूर्ण कोर्स असं धरून चालतो की जो गप्प आहे तो घाबरलेला आहे. माझ्या आत्ताच्या बॅचमध्ये चौदा जण आहेत, त्यातले चार गप्प. मी चौघांशी वेगवेगळं बोलले. एकाला मागच्या रांगेत नीट ऐकूच येत नव्हतं, सांगायला संकोच वाटत होता, त्याला पुढे बसवलं, विषय संपला. एक जण घरी काहीच करून येत नव्हता म्हणून गप्प. एकीचं म्हणणं होतं की मला आधी ऐकायला आवडतं, मी सगळ्याच ठिकाणी अशीच आहे, मला त्रास काही नाहीये, आणि ते खरं होतं, तिला विचारलं की ती व्यवस्थित उत्तर देते. भीती होती ती एकाच माणसाला. चौघांना एकच औषध दिलं असतं तर तिघांना चुकीचं दिलं असतं. गप्प का आहे हे त्या माणसालाच विचारायचं, एकट्याला, ही पायरी कोर्समध्ये सगळ्यात आधी हवी होती आणि ती कुठेच नाहीये.

ज्यांना भीती होती ते म्हणजे आमचे काका. अडुसष्ट वर्षांचे, नातू जर्मनीत जन्मलेला, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलता यावं म्हणून शिकतायत. मला ते ताई म्हणतात. पहिल्या दिवसापासून वही इतकी नीटनेटकी, पण बोलायची वेळ आली की "ताई, पुढच्या वेळी" म्हणणार. एकदा हिंमत करून म्हणाले, "इख हाबे गेफारेन." म्हणायचं होतं "मी गेलो", पण तिथे हाबे नाही, झाइनचं रूप बिन लागतं. मी नेहमीच्या सवयीने लगेच म्हटलं, "आ, इख बिन गेफारेन, झेर गूट," ते म्हणाले "या, या" (हो, हो) आणि पुढचा पूर्ण तास गप्प. पाचव्या सेशनला कळलं मी काय केलं ते. विद्यार्थ्याचं चुकीचं वाक्य आपण दुरुस्त करून परत म्हणणं, याला रीकास्ट म्हणतात, लिस्टर आणि रांटा यांनी १९९७ मध्ये शिक्षकांच्या दुरुस्तीच्या सहा पद्धती वेगळ्या काढल्या त्यात शिक्षक सगळ्यात जास्त हीच वापरत होते आणि विद्यार्थ्याकडून सगळ्यात कमी प्रतिसाद हिलाच येत होता. कारण बरेचदा त्याला कळतच नाही की दुरुस्ती झाली, आणि कळलं तरी त्याच्या हातात करायला काही उरत नाही, वाक्य तर मी पूर्ण करून टाकलं.

पुढच्या तासाला काका परत तेच म्हणाले. मी फक्त "इख..." म्हटलं आणि थांबले. मोजत होते मनात. पाच सेकंद. त्यांनी वर बघितलं, बोटाने हवेत रस्ता काढल्यासारखं केलं, प्रवास, जाणं, आणि म्हणाले, "बिन! इख बिन गेफारेन!" ते "बिन" त्यांचं स्वतःचं होतं. नंतर हे रूप ते कधी चुकलेले मला आठवत नाही.

त्याच सेशनमध्ये चार-तीन-दोन नावाचा प्रकार शिकवला, पॉल नेशन यांच्या लिखाणातून तो भाषा शिक्षकांत सगळीकडे पसरला. एकाच विषयावर आधी चार मिनिटं एका जोडीदाराशी, मग तेच तीन मिनिटांत दुसऱ्याशी, मग दोन मिनिटांत तिसऱ्याशी. ए१ वाल्यांना चार मिनिटं म्हणजे डोंगर, म्हणून मी दीड मिनिट, एक मिनिट, पाऊण मिनिट असं केलं. काकांचा विषय नातू. पहिल्या फेरीत "माइन एंकेल..." (माझा नातू) आणि मग मोठी शांतता, नाव, वय, संपलं. दुसऱ्या फेरीत त्याला फुटबॉल आवडतो हे आलं. तिसऱ्या फेरीत पाऊण मिनिट पुरलं नाही, मी टाळी वाजवली तरी बोलतच होते. प्रेक्षक दर वेळी एकच माणूस, तोही नवीन, आणि आपण तेच तिसऱ्यांदा सांगतोय, यात घाबरायला जागाच राहत नाही.

सहावं सेशन आढावा आणि सर्टिफिकेट, त्यात विशेष काही नाही.

कुणी करावा? लहान बॅचेस घेणाऱ्यांनी नक्की. शाळेतल्या शिक्षकांसाठी मात्र हा कोर्स अपुरा आहे. आमच्यात एक सर होते, वर्गात पंचावन्न मुलं, पस्तीस मिनिटांचा तास. त्यांनी दर वेळी विचारलं की जोड्यांमध्ये फिरू कसा, आधी हळूच सांगू कुणाकुणाला, आणि त्यांना दर वेळी मोघम उत्तर मिळालं. थांबण्याचा भाग त्यांनाही उपयोगी पडला असं ते म्हणाले, पण बाकीचं त्यांनी स्वतःच जुळवून घेतलं. मोठ्या वर्गांसाठी वेगळा कोर्स काढा, खरंच गरज आहे. आणि रेकॉर्डिंग महिनाभरच दिसतं ते निदान सहा महिने तरी ठेवा, कारण या गोष्टी करून बघितल्यावर परत ऐकाव्याशा वाटतात.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो चौथ्या सेशनचा आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजण्याचा.

त्या खिडकीजवळच्या मुलीला मी गेल्या आठवड्यात मेसेज केला की नवीन बॅच सुरू होतेय, यायचं असेल तर या. तिने दोन दिवसांनी एकच प्रश्न पाठवला, "अजून नाव घेऊन विचारता का?" मी लिहिलं की हो, विचारते, पण आता कुठला प्रश्न येणार ते आधी सांगते आणि उत्तराला वेळ देते, आणि पहिले दोन तास मी तुम्हाला फक्त शेजारणीने काय सांगितलं तेवढंच विचारेन. तिने "बघते" असं लिहिलंय. पहिल्या तासाचे प्रश्न मी तिला आजच पाठवून ठेवलेत.